सहाची गाडी

दम्मामच्या मराठी मंडळींत कुणालाही विचारा, सरोजकाकू निफाडकर कोण. पहिलं उत्तर ठरलेलं: लबनेचं श्रीखंड करतात त्या. इथे चक्का मिळत नाही, पण लबने नावाचं घट्ट आंबटसर दही डब्यात मिळतं. त्यात साखर-केशर घोटून सरोज जे काही करते, त्याला आजवर कुणी नावं ठेवलेली नाहीत. दुसरं उत्तर: ईदच्या सुट्टीत तो जर्मन पिक्चर मराठीत बोलून दाखवतात त्या. यापुढे विचारलंत तर लोक जरा अडखळतील आणि म्हणतील, गुरुनाथकाकांच्या मिसेस. यात चूक कुणाचीच नाही. एखादी बाई सत्तावीस वर्षं शेजारी राहिली, अडीनडीला धावली, पोरांच्या बारशांना उभी राहिली, की तिला आपण ओळखतो असं माणूस धरूनच चालतो.

सरोज मूळची नाशिकची. सातपूरला जर्मन सहयोगाचा एक पंपांचा कारखाना होता. तिथे यंत्रांबरोबर येणारे जर्मन कागद वाचून समजावून सांगणारी एकच मुलगी होती, ती ही. दर शनिवारी पहाटेच्या एसटीने पुण्याला जाऊन, मैत्रिणीच्या खोलीवर मुक्काम करून ती जर्मन शिकली होती. कारखान्यातले फिटर तिला 'जर्मनबाई' म्हणायचे आणि यंत्र अडलं की साहेबाच्या आधी तिच्या टेबलाशी यायचे. तिला त्याचा किती अभिमान होता म्हणून सांगू! घरी आई वैतागायची, की जेवताना तरी त्या पंपांच्या गोष्टी नकोत.

मग लग्न झालं. गुरुनाथ निफाडकर इन्स्ट्रुमेंटेशनचे इंजिनियर. नोकरी जुबैलच्या एका पेट्रोकेमिकल प्लांटवर, बिऱ्हाड दम्माममध्ये, कारण पुढेमागे मुलांना शाळा हवी. 'दोन वर्षं जाऊन येऊ,' असं त्यांनी लग्नाच्या बोलणीतच सांगितलं होतं. माणूस खोटं बोलणारा नव्हे. प्रत्येक दोन वर्षांनी ते तितक्याच खरेपणाने म्हणायचे, 'एवढं एक कॉन्ट्रॅक्ट.'

सरोज इथे आली ती नवऱ्याच्या इकाम्यावर, म्हणजे त्याच्या नावाखाली राहायच्या परवान्यावर. त्या परवान्यावर नोकरी करता येत नव्हती. तेव्हा बाईला गाडी चालवता येत नव्हती, आणि देशाबाहेर जायचं तर जाऊन परत येण्याचा व्हिसा नवऱ्याने काढायचा. नोकरदारांचा कफील, म्हणजे परवान्याचा जामीनदार, कंपनीत बसतो. 'माझा कफील घरात बसतो आणि पोळी गरम मागतो,' असं सरोज म्हणायची. हा विनोद बिल्डिंगमधल्या बायकांना इतका आवडला, की तिसऱ्या मजल्यावरची पूर्णिमा आजही जिन्यात गुरुनाथ दिसले की ओरडते, 'सरोज, तुझा कफील आला गं!' गुरुनाथही हसतात. ते हसण्यावारी नेण्यातलेच आहेत.

पहिल्या वर्षी सरोजची जर्मन भाषा घरातल्या यंत्रांवर जगली. वॉशिंग मशीनचं माहितीपत्रक सात भाषांत असायचं, त्यातली जर्मन पानं ती दुपारी मोठ्याने वाचायची. 'वॉशिंग मशीन समपातळीवर ठेवा. मुलांना दूर ठेवा.' पाळण्यात क्षितिजा आणि समोर मशीन. वाचून झालं की सगळीकडे इतकं शांत व्हायचं की एसीचा आवाज अंगावर यायचा.

एका गुरुवारी संध्याकाळी गुरुनाथ जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून एक व्हिडिओ कॅसेट घेऊन आले. प्लांटवर कॉम्प्रेसर बसवायला डीटर नावाचा जर्मन इंजिनियर आला होता, तो परत जाताना ठेवून गेला. 'विनोदी पिक्चर आहे म्हणे, तिकडे खूप चालला. नवरा-बायको, पोरं, सासू, असला,' गुरुनाथ म्हणाले आणि कॅसेट तिच्या हातात देऊन आंघोळीला गेले.

सरोजने तो पिक्चर तीन दुपारी तीनदा पाहिला. गोष्ट साधी होती. हेल्मुट नावाचा माणूस बाथरूमच्या फरशा विकतो. त्याची बायको गिझेला तीन मुलं, एक सासू आणि सासूचा पोपट सांभाळता सांभाळता पाठदुखीने आडवी होते. डॉक्टर तिला तीन आठवड्यांच्या विश्रांतीसाठी समुद्रकाठी पाठवतात. मग घर नवऱ्याच्या हातात. मशीनमधून फेस जिन्यापर्यंत येतो, सासू बाल्कनीत अडकते, शर्टामागून शर्ट इस्त्रीखाली जळतात. सरोज एकटीच खदखदून हसली. पिक्चरच्या शेवटी मात्र ती जे रडली, ते दुःखाने नव्हे. कशाने, ते तेव्हा तिलाही कळलं नव्हतं.

तिसऱ्या दुपारी जिन्यातून जाताना तो अगम्य आवाज ऐकून पूर्णिमा आली. एकटीच बघतेस? आम्हाला पण सांग की! तिथून मग पुढच्या शुक्रवारी, ईदची सुट्टी होती, पूर्णिमाच्या मोठ्या हॉलमध्ये सात बिऱ्हाडं जमली. टीव्हीचा आवाज बारीक केला आणि सरोज शेजारच्या खुर्चीवर बसून बोलू लागली. पहिल्या दहा मिनिटांतच हेल्मुटचे हेमंतराव झाले नि गिझेलाची गिरिजा. सासूच्या आत्याबाई झाल्या, आणि पोपट हेमंतरावांना 'मेल्या, चहा कोण करणार?' म्हणू लागला. लोक गालिच्यावर लोळून हसले. नवीन बिऱ्हाडात आल्यापासून कुणी आपल्याकडे असं बघितलंच नाही, हे सरोजच्या तेव्हा लक्षात आलं. सगळी खोली तिच्या तोंडाकडे बघत होती, जशी सातपूरची फिटर मंडळी बघायची.

पिक्चरचा शेवट असा. तीन आठवडे संपतात. हेमंतराव, मुलं, आत्याबाई, सगळे फुलं घेऊन स्टेशनवर. गाडी येते, माणसं उतरतात, गाडी निघून जाते. गिरिजा उतरलेलीच नसते. घरी येतात तर फोन वाजतो. हेमंतराव फोन उचलतात, आणि इथून पडद्यावर दिसतो तो फक्त त्यांचा चेहरा. पलीकडून गिरिजा बोलते, तो नुसता आवाज. मूळ पिक्चरमध्ये ती सांगते, की मी इथल्या बेकरीत काम धरलं आहे, पहाटे पाव भाजते, माझी पाठ आता दुखत नाही. मी परत येणार नाही. मुलांना शनिवारी पाठव. हेमंतराव बराच वेळ गप्प राहतात. मग विचारतात, शर्टाची इस्त्री कुठून सुरू करायची. ती सांगते, कॉलरपासून. ते हसतात, डोळे भरून येतात, फोन ठेवतात आणि पहिल्यांदाच एक शर्ट न जाळता इस्त्री करतात. पिक्चर संपतो.

त्या शुक्रवारी गाडी निघून गेली नि गिरिजा उतरली नाही, तेव्हा हॉलमध्ये चिडीचूप झालं. पूर्णिमाचं लग्न होऊन जेमतेम वर्ष झालं होतं, ती सरोजच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, 'येते ना गं?' सरोजने मान वर केली. सगळे टीव्हीकडे बघत होते. गुरुनाथ भिंतीला टेकून बसले होते, मांडीवर क्षितिजा झोपलेली, आणि ते एकटे टीव्हीकडे न बघता सरोजकडे बघत होते.

तिचं तोंड आपोआप बोलून गेलं. 'अहो, माझी गाडी चुकली! सहाच्या गाडीने येते. आणि तो चुरगळलेला शर्ट घालून येऊ नका स्टेशनवर, इस्त्री करा. कॉलरपासून सुरू करा.' पडद्यावर हेमंतराव हसले, डोळे पुसले, इस्त्री करू लागले. हॉलमध्ये सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

झालं. एकदा घातलेली सहाची गाडी दर वर्षी येऊ लागली. ईदच्या सुट्टीत जी बिऱ्हाडं भारतात गेलेली नसतील ती पूर्णिमाकडे जमायची, श्रीखंड-पुरीचं जेवण व्हायचं आणि मग हेमंतरावांचा पिक्चर. माणसं बदलली, काही रियाधला गेली, काही कायमची परत गेली. आलेल्या नव्या सुना-जावयांना जुने लोक आधीच सांगून ठेवायचे, की शेवटी घाबरू नका, ती सहाच्या गाडीने येते. क्षितिजा इथल्या भारतीय शाळेत शिकली, आईने मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर द्यायची सवय लावून घेतली, आणि पुण्याला नोकरीला निघून गेली. सरोजने कधी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं? एका विनोदी पिक्चरचा शेवट जरा गोड केला, इतकंच. तरी दर वर्षी त्या फोनच्या प्रसंगाला आपल्या आवाजात एक खोटी लकेर येते, असं तिला वाटायचं, आणि नंतर दोन दिवस ती उगाच भांडी आपटायची.

यंदाचा रमजान निम्मा झाला होता तेव्हा क्षितिजाचा फोन आला. नाशिकला एक केंद्र निघालं होतं. जर्मनीतल्या इस्पितळांत नोकरीला जाऊ पाहणाऱ्या नर्सेसना तिथे भाषा शिकवतात, आणि शिकवायला माणसं मिळत नाहीत. 'आई, जस्ट अप्लाय. वाईट काय होईल?' वाईट काही झालं नाही. सरोजने स्वयंपाकघराच्या ओट्याशी लॅपटॉप ठेवून मुलाखत दिली, मागे कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून वरणभात आधीच उरकला. मुलाखत घेणारी जर्मन बाई विशीतल्या मुलीसारखी दिसत होती. तिने विचारलं, इतकी वर्षं भाषा टिकवली कशी? सरोज म्हणाली, 'वॉशिंग मशीन वाचून.' ती बाई हसली, पण सरोज हसली नाही. चौथ्या दिवशी पत्र आलं. पहिली तुकडी एक मेला सुरू, अकरा महिन्यांचं काम, या.

ते पत्र तिने बारा दिवस कुणाला दाखवलं नाही. कारण त्याच आठवड्यात गुरुनाथ जेवताना म्हणाले होते, 'कंपनी विचारतेय. ईदनंतर सही करायचीय. एवढं एक कॉन्ट्रॅक्ट.' आणि कतीफच्या बाजारातून आणलेल्या सुरमईचा काटा काढून, मधला तुकडा तिच्या ताटात ठेवला होता. असल्या माणसाशी भांडावं तरी कसं? त्यांनी कधी आवाज चढवला नाही, कधी व्हिसा अडवला नाही. माहेरी जायचं म्हटलं की कंपनीत खेटे घालून काढून आणायचे, आणि आता तर मोबाईलवर अबशेर नावाचं सरकारी ॲप आहे, दोन मिनिटांत होतं. फक्त ते दोन मिनिटांचं काम करणारं बोट कायम त्यांचंच होतं.

ईदच्या दिवशी यतीन आला. तो आणि त्याची बायको स्वानंदी वर्षापूर्वी रियाधहून दम्माममध्ये आलेले. तो बँकेत, कॉम्प्युटरचं काम. जुन्या कॅसेटला बुरशी लागली म्हणून ती त्याने महिन्यापूर्वी नेली होती.

'काकू, सरप्राईज! कॅसेट साफ करून सगळा पिक्चर पेन ड्राईव्हवर घेतलाय. आणि एका ॲपने खाली इंग्रजी सबटायटल्स टाकलीत. आवाज तुमचाच, पण लहान पोरांना मराठी पुरतं कळत नाही ना, त्यांच्यासाठी. आणि काकू, हेमंतरावांचं नाव हेल्मुट आहे? मला माहीतच नव्हतं!'

'शेवटपर्यंत पाहिलास?' सरोजने घाईने विचारलं.

'छे, पहिली दहा मिनिटं फक्त चेक केली. शेवट उद्या तुमच्याबरोबर.'

'यतीन,' ती म्हणाली. तो जिन्यात थांबला. त्या ओळी काढून टाक, मला चालणार नाहीत, एवढंच म्हणायचं होतं. त्या पोराने एका शब्दाने काढल्या असत्या. 'काही नाही. स्वानंदीला सांग, पुऱ्या लाटायला दहाला ये.'

ईदच्या दुसऱ्या दिवशी पूर्णिमाचा हॉल भरला. बाहेर धुळीचा वारा सुटला होता, त्यामुळे समुद्रकाठी कॉर्निशवर फिरायला जायचा बेत केलेलेही आले. जेवणं झाली, पडदे ओढले, सरोज तिच्या नेहमीच्या खुर्चीत बसली आणि पिक्चर सुरू झाला. गंमत अशी झाली, की पोरं मोठ्यांच्या आधी हसू लागली. ती खाली वाचत होती. 'काकू, पॅरट चहा नाही म्हणाला! ही सेड बिअर!' स्वानंदीच्या भाचीने जाहीर केलं आणि मोठी माणसं त्यावरही हसली. सरोजनेही हसून निभावलं. फेस जिन्यापर्यंत आला, आत्याबाई बाल्कनीत अडकल्या, अकरावा शर्ट जळाला. मग स्टेशन आलं. फुलं आली. गाडी आली, माणसं उतरली, गाडी गेली. पूर्णिमा शेजारच्या नव्या सुनेला कुजबुजली, 'थांब आता, घाबरू नकोस.'

'यतीन, जरा थांबव,' सरोज म्हणाली. पिक्चर थांबला. 'खालच्या ओळी बंद कर. एवढा शेवट मी सांगते.'

पोरं कुरकुरली, पण यतीनने ओळी बंद केल्या. आता पडदा स्वच्छ होता. आता कुणाला काही कळणार नव्हतं. पंचवीसएक वर्षं जे केलं तेच आणखी एकदा करायला तिला पूर्ण मोकळीक होती, आणि ती मोकळीक तिने स्वतः मागून घेतली होती. यंत्राने आपलं पितळ उघडं पाडावं आणि आपण मान खाली घालून बसावं, हे तिला नको होतं. जे काय सांगायचं ते आपल्या तोंडाने. तिने गुरुनाथांकडे बघितलं. ते भिंतीला टेकून बसले होते. गुडघे आता दुखतात, म्हणून मागे दोन लोड. आणि ते टीव्हीकडे बघत नव्हते.

हेमंतरावांनी फोन उचलला.

'हेल्मुट,' सरोज म्हणाली. हेमंतराव नाही म्हणाली. 'मी गिझेला. मी त्या गाडीत नव्हते. मी इथे एका बेकरीत काम धरलंय. पहाटे चारला उठते, पाव भाजते. तुला खरं वाटणार नाही, पण माझी पाठ आता दुखत नाही. मी परत येणार नाही, हेल्मुट. तू वाईट नाहीस. मुलांना शनिवारी पाठव.' पडद्यावरचा माणूस गप्प होता तितका वेळ तीही गप्प राहिली. मग म्हणाली, 'कॉलरपासून. आधी कॉलर, मग बाह्या.'

तो हसला, त्याचे डोळे भरले, त्याने इस्त्री केली. पिक्चर संपला आणि हॉलमध्ये कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

'अगं, हे काय?' पूर्णिमा म्हणाली. 'सहाची गाडी?'

'सहाची गाडी नव्हतीच. ती मी घातली होती.'

'म्हणजे इतकी वर्षं तू आम्हाला उल्लू बनवलंस?' पूर्णिमाला खरोखर राग आला होता. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला. 'मी दर वर्षी नव्या पोरींना छातीठोकपणे सांगते, ती येते म्हणून!' मग तिचं तिलाच काय वाटलं कुणास ठाऊक, ती पदर खोचून श्रीखंडाची भांडी गोळा करू लागली, आणि सरोजजवळून जाताना तिच्या खांद्यावर हात दाबून गेली. पोरांनी तेवढ्यात दुसरं काहीतरी लावलं. गुरुनाथ उठून खुर्च्या एकावर एक रचत होते. रचलेल्या पुन्हा काढून पुन्हा रचत होते.

संध्याकाळच्या नमाजाची, मगरिबची अजान होत होती तेव्हा दोघं दोन मजले उतरून घरी आले. गुरुनाथांनी खिडकीच्या फटीत धुळीसाठी खोचलेला टॉवेल काढला, झटकला, परत खोचला. सरोजने चहा टाकला. कप त्यांच्यासमोर ठेवला आणि बसायच्या आधीच, उभ्याउभ्या, नाशिकचं सगळं सांगून टाकलं. केंद्र, नर्सेस, मुलाखत, एक मे, अकरा महिने. बारा दिवस लपवलं हेही सांगितलं.

गुरुनाथांनी कप जवळ ओढला. 'शेवट मला माहीत होता,' ते म्हणाले.

'कसला शेवट?'

'पिक्चरचा. डीटरने कॅसेट देतानाच सगळी गोष्ट सांगितली होती. म्हणाला, बायकोला दाखवू नकोस. माझ्या बायकोने पाहिला आणि दुसऱ्या महिन्यात ती सोडून गेली. त्याला वाटलं मी हसेन. मी हसलोही.'

सरोज खुर्चीवर बसली. पहिल्या वर्षीचा तो भिंतीला टेकलेला माणूस, मांडीवर पोर घेतलेला, टीव्हीकडे न बघणारा, तिच्या डोळ्यांसमोर आला. त्या चेहऱ्यावर काय होतं ते तिला इतकी वर्षं उमगलं नव्हतं. तो माणूस भ्यालेला होता.

'मग आणलीत कशाला घरी?'

'तू मशीनचं माहितीपत्रक वाचायचीस. मी एकदा दुपारी लवकर आलो होतो. दाराबाहेर ऐकत उभा राहिलो. आत यायचा धीर झाला नाही.' त्यांनी कप उचलला, न पिताच खाली ठेवला. 'म्हटलं, काय व्हायचं ते होऊ दे, पण हिला कुणाचं तरी बोलणं ऐकू दे. आणि त्या दिवशी तू तिला परत आणलंस. मला वाटलं, निभावलं. पण मग दर वर्षी ईद आली की पुन्हा तेच. या वर्षी आणते की नाही. आणलीस की पुढचं कॉन्ट्रॅक्ट सही करायला धीर यायचा.'

'एकदा विचारायचं तरी होतंत!' सरोज ओरडली. तिला रागही आला होता आणि रडूही. पंचवीस वर्षं एका हॉलमध्ये दोन माणसं एकच खोटं सांभाळत बसली, एक बोलून आणि एक ऐकून, याला म्हणावं तरी काय?

'विचारलं असतं,' गुरुनाथ म्हणाले, 'तर तू खरं सांगितलं असतंस.'

खाली रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न पुन्हा सुरू झाले होते, नमाजासाठी बंद झालेल्या दुकानांची शटर्स उघडत होती. गुरुनाथांनी चष्मा लावला, मोबाईल काढला, अबशेर उघडलं. त्यांच्या नावाखाली राहणाऱ्यांच्या यादीत एकच नाव उरलं होतं. सरोज गुरुनाथ निफाडकर. पत्नी. त्यांनी त्यावर बोट ठेवलं. खाली दोन पर्याय आले: फायनल एक्झिट, आणि एक्झिट री-एन्ट्री.

सरोज वाकून बघत होती. फायनल एक्झिट म्हणजे खलास, इकामा रद्द, इथला दरवाजा बंद. तिने तेवढं मागितलं नव्हतं. तिने नक्की काय मागितलं होतं, ते तिचं तिला तरी कुठे ठाऊक होतं?

त्यांनी दुसरा, जाऊन परत येण्याचा पर्याय उघडला. दिवसांची रिकामी चौकट आली. माहेरपणासाठी ते त्यात कायम तीस लिहायचे, फार तर पंचेचाळीस. त्यांनी मोबाईल टेबलावर तिच्यापुढे सरकवला.

'तू लिही,' ते म्हणाले. 'बटणही तूच दाब. माझा इकामा पुढच्या मार्चअखेरपर्यंत आहे. अकरा महिने बसतात त्यात.'

'आणि ते कॉन्ट्रॅक्ट?'

'तेरा वेळा एवढं एक म्हणालोय, आता चौदाव्यांदा काही कबूल केलं तर तू विश्वास ठेवू नकोस,' गुरुनाथ म्हणाले. 'पण सही मी आज करत नाही. तू जा, कामाला लाग. जमलं तर सहाच्या गाडीने मी येतो.'

सरोजने चौकटीत आकडा लिहिला. एकदा चुकला, खोडून परत लिहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदा आपला व्हिसा आपल्या बोटाने काढला. मोबाईल वाजला, मंजूर झाल्याचा निरोप आला. अरबीतला तो निरोप दोघांनी मिळून वाचला. मग तिने डोळे पुसले, आतल्या खोलीतून त्यांचा कामावरचा निळा शर्ट आणला, इस्त्रीचं टेबल उघडलं आणि म्हणाली, 'उठा. एक मेपर्यंत चार आठवडे आहेत, आजपासूनच सुरू करा.'

गुरुनाथ गुडघ्यावर हात टेकून उठले. कुठून धरायचा ते त्यांनी विचारलं नाही. त्यांनी कॉलर सरळ केली.